नर्सअक्काची दोरी

नर्सअक्का कुणाच्याही घरात शिरली की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "निज." राम राम नाही, बरं आहे का नाही. उंबऱ्यापाशी वहाणा काढायची, सरळ आतल्या खोलीत जायची आणि म्हणायची, "निज." गरोदर बाई चुलीपुढं असो की जात्यावर, तिनं हातातलं टाकून घोंगडीवर उताणं पडायचं. पाटलांच्या सुनेला तोच शब्द आणि कुंभाराच्या लेकीलाही तोच. काही शहाणी माणसं म्हणायची, बाईला सगळे सारखे. मला विचाराल तर तो उर्मटपणा होता, आणि उर्मटपणाला मी आजही उर्मटपणाच म्हणते.

लोक आपल्या लाडक्या माणसांवर लिहितात. मी एका नावडत्या बाईवर लिहायला बसले आहे. चार-पाच वर्षं मी तिचा मनापासून द्वेष करत होते. तिच्या पायांतल्या पुरुषी वहाणांचा करकर आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि त्या दिवसांत माझ्या पोटात आणखी गोळ्याला जागा नव्हती.

लढाईचे दिवस होते. माझं माहेर वाईचं. वडील शाळामास्तर, आई मी लहान असतानाच गेलेली. सातवीची परीक्षा झाली आणि कृष्णाकाठच्या एका ऊसवाल्या घरात माझं लग्न झालं. आमचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडायचं, पण सांगली संस्थानची हद्द कोसभरावर. आमचे हे पलटणीत होते; रजेवर येऊन परत गेले तेव्हा मला नुकतेच दिवस राहिले होते. पहिली चिठ्ठी आफ्रिकेतून आली, पुढची इटलीतून. घरात सासूबाई आणि मी. त्यांना मी तिकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून मी सासरीच राहिले.

नर्सअक्का लोकल बोर्डाच्या दवाखान्यातली. मिरजेच्या मोठ्या इस्पितळात सुईणपण शिकून आलेली. जात जैनाची, माहेर म्हणे सांगलीच्या खाली कानडी मुलखाच्या तोंडाशी, म्हणून सगळे अक्का म्हणायचे. नवरा होता की नव्हता हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पांढरं नेसायची, कोपरापर्यंत साबणानं हात धुवायची आणि दिवस बुडायच्या आत जेवून घ्यायची. एखादी बाई कळा देत असली तरी सूर्य कलला की ही पडवीत बसून आपल्या डब्यातली भाकरी खायची. आतून किंकाळी आली तर म्हणायची, "वरड, वरड. अजून लय टाइम हाय तुला." आणि चावत राहायची.

आमच्या घराशी तिचं पहिलं वैर जडलं ते पाण्यावरून. आत्याबाईंचा एक पक्का समज होता की पोटुशी बाईनं पाणी बेतानं प्यावं. जेवणावर दोन फुलपात्री, बस्स. जास्त प्यालं की ते पोटात साठतं, पोर थंड पडतं आणि बाळंतपणात बाई फुगते. भर चैत्रात माझी जीभ टाळ्याला चिकटायची, पण रांजणाकडं बघायची सोय नव्हती. नर्सअक्कानं पहिल्याच दिवशी माझ्या ओठांची सालं पाहिली, उठली, पदराखालून स्वतःचं गाळणं काढलं, तांब्याच्या तोंडाला बांधलं आणि आमच्या रांजणातलं पाणी गाळून तांब्या माझ्यापुढं धरला.

"पी. सगळं."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं अक्का, आमच्या पान्यात काय किडं हायती व्हय?"

"किडं असूं देत न्हाईतर मासं," अक्का त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "पोटातलं पोर पान्यात असतंय. त्येला हातपाय हलवाय जागा पायजे. आईच कोरडी तर ते कशात हलनार? आनी तुमी दारातनं भाईर व्हा. उजेड अडतोय."

पन्नाशीच्या बाईला तिच्याच घरात दारातून बाहेर व्हायला सांगितलं. मी तांब्या रिकामा केला, जीव गार झाला, पण मला तिचा रागच आला. कारण ती पंधरवड्यातून एकदा येऊन हुकूम सोडून जाणार, आणि आत्याबाईंबरोबर उरलेले चौदा दिवस मला काढायचे. त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी रांजणावर पाटा ठेवला.

नर्सअक्काच्या तोंडातून गोड काही निघालंच असतं तर ती स्वतःच दचकली असती. पाटलांच्या सुनेचं पोट सातव्या महिन्यातच नवव्यासारखं दिसायला लागलं. सगळं गाव म्हणालं, जुळं आहे. पाटलीणबाईंनी दोन झबली शिवली, दोन पाळण्यांची चौकशी केली. अक्का गेली, "निज" म्हणाली, पोटाच्या एका बाजूला तळहात ठेवला आणि दुसऱ्या बाजूला बोटानं टिचकी मारली. मग पाटलीणबाईंचा हात ओढून तिथं ठेवला. "लाट लागली का हाताला? जुळं न्हाई. येकच हाय. बाकी समदं पानी. लय झालंय."

पाटलीणबाई संतापल्या. बारशाची स्वप्नं बघणाऱ्या बाईला कुणी असं बोलतं का? पण झालं तसंच. कळा सुरू झाल्यावर अक्कानं त्या सुनेला उठू दिलं नाही, बसू दिलं नाही. पाणमोट फुटली तर एकदम लोंढा येईल आणि लोंढ्याबरोबर नाळ खाली येईल, मग पोर गेलं, असं ती दरडावून सांगत होती. एका हातानं तिनं ते पाणी थोपवत थोपवत सोडलं. घोंगडी भिजली, जमीन भिजली, आणि एकच मुलगी झाली, ठणठणीत. पाटलांच्या घरी तिचे आभार कुणी मानले नाहीत. जुळं तिनंच मोडलं असल्यासारखं ते लोक तिच्याकडं बघायचे.

आता तिच्या दोरीचं सांगते, कारण सगळं त्या दोरीवरच आहे.

पहिल्या भेटीला ती पांढऱ्या सुताची एक दोरी कापायची. एका टोकाला मोठी गाठ. ते टोक बेंबीवर धरायचं, दोरी कमरेभोवती फिरवून पुन्हा बेंबीशी आणायची आणि जिथं टेकेल तिथं बारीक गाठ मारायची. दर पंधरवड्याला नवी गाठ. ती आधीच्या गाठीच्या बोटभर पुढं पडली तर ठीक. एकदम चार-चार बोटं पुढं गेली तर पाणी वाढतंय. जागच्या जागी राहिली किंवा मागं आली, तर पाणी आटतंय आणि बाईला मिरजेला न्यायची वेळ झाली. तिच्याकडं चार गावांतल्या चाळीसएक बायका होत्या. लिहिणं तिला फारसं जमत नव्हतं आणि इतक्या जणींची मापं ध्यानात राहणार कशी? म्हणून दोरी हीच तिची वही, आणि ज्या बाईची दोरी त्याच बाईच्या घरी, खुंटीला.

आणि नेमकं हेच आमच्याकडच्या बायकांना बघवत नव्हतं. आमच्या भागात बाई अडली की घरातली प्रत्येक गाठ सोडतात. पोत्यांची तोंडं मोकळी करतात, जनावरांची दावी सोडतात, बायका अंबाडे मोकळे सोडतात, पेटीचं कुलूपसुद्धा काढून ठेवतात. गाठ सुटली की वाट सुटते. आणि ही बाई येऊन पोटाच्या मापाच्या दोरीला महिन्यात दोन गाठी मारून जाते! आत्याबाई म्हणायच्या, "ही सुईन न्हवं, ही तर पोर आत बांधून ठिवती." तरी त्यांनी तिला दार बंद केलं नाही, कारण कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की सरकारी नर्सबाईला नाही म्हटलं तर तिकडं पलटणीत मुलावर राग काढतील. इटलीतला साहेब आणि आमच्या गावातली नर्स यांचा काय संबंध? पण भीतीला संबंध लागत नाही.

मी शिकलेली. वाईची. मास्तरांची मुलगी. मी या गोष्टींना हसायची, म्हणजे दिवसाउजेडी हसायची.

मला सातवा संपून आठवा लागला आणि शेजारची महिपतीची बायको अडली. दोन दिवस ती ओरडत होती आणि भिंतीपलीकडं मी कानांत बोटं घालून बसले होते. नर्सअक्का तिच्याजवळून हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांनी काय केलं, अक्काचं लक्ष नाही असं बघून खुंटीवरची दोरी काढली आणि चुलीत घातली. अर्ध्या घटकेत मूल बाहेर आलं. अक्कानं ते कसं फिरवलं, कसं ओढलं, तिचे दंड कसे थरथरत होते, ते कुणी बोललं नाही. गावभर झालं ते एवढंच, की दोरी जाळली आणि बाई सुटली.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई मळ्यात गेल्या होत्या. मी एकटी होते. खुंटीवर माझी दोरी लोंबत होती. टोकाची मोठी गाठ सोडली तर तिच्यावर पाच गाठी होत्या. मी ती खाली घेतली. सगळ्या सोडाव्यात असं मनात आलं, पण मग अक्कानं मला उभी फाडली असती. न सोडाव्यात तर रात्रंदिवस तो भिंतीपलीकडचा आवाज कानात. मग मी मधला मार्ग काढला. शिकलेली माणसं मधला मार्गच काढतात. अंबाड्यातला आकडा घेऊन शेवटची, पाचवी गाठ तेवढी उकलली, दोरी ताणून सरळ केली आणि परत खुंटीला लावली. एक तरी गाठ कमी झाली या विचारानं मला त्या दिवशी झोप लागली.

चार-पाच दिवसांनी अक्का आली. "निज." तिनं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पोर हाताला लय लागतंय गं. कोपरं, गुडघं समदं कळतंय. वाईवाली, अंगावरनं पानी जातंय का? लुगडं वलं हुतंय का?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

"पोर हलतंय का?"

"हलतं." तेही खरं होतं, फक्त पूर्वीइतकं नाही. पूर्वीइतकं नाही हे मी बोलले नाही, कारण आत्याबाई दाराशी होत्या.

तिनं दोरी घेतली, कमरेभोवती फिरवली, आणि जिथं टेकली ती जागा शेवटच्या गाठीच्या अर्धं बोट पुढं आली. ती शेवटची म्हणजे चौथी, पण तिच्या लेखी ती गेल्या पंधरवड्याची. ती जरा वेळ दोरीकडं बघत राहिली, मग माझ्या पोटाकडं. हात एक सांगत होता आणि दोरी दुसरं. तिनं दोरीचं ऐकलं.

"वाढ हाय. कमी हाय, पन हाय," ती म्हणाली. "पानी पीत जा. डाव्या कुशीवर निजत जा." तिनं नवी गाठ मारली आणि ती गेली. पाचवी गाठ जागेवर असती तर ही तिच्या मागं पडली असती, आणि त्याच दिवशी मी मिरजेच्या वाटेवर असते. हे मला त्या वेळी कळलं नाही असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. खरं म्हणजे दोरी वेढताना मला घाम फुटला होता. तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही.

पुढच्या पंधरवड्याला तिनं दोरी घेतलीसुद्धा नाही. हात ठेवला आणि ओरडली, "गाडी जुपा! मिरजेला न्यायाची हिला, आत्ताच्या आत्ता!" आत्याबाई म्हणाल्या, आठव्यात बाई हलवत नाहीत, वेस ओलांडत नाहीत. दोघी अंगणात भांडल्या. अक्कानं स्वतः जाऊन महिपतीचे बैल आणले, पण गाडी दारात उभी राहायच्या आत मला कळा सुरू झाल्या. स्टेशन अडीच कोसांवर होतं. ती म्हणाली, "आता र्‍हाऊं दे," आणि बाह्या वर केल्या. पाणमोट फुटली तेव्हा ओंजळभरसुद्धा पाणी आलं नाही, आणि आलं ते हिरवं, दाट. मुलगा होता. अंग सुकलेलं, हातपाय आवळून घेतलेले. तिनं त्याच्या तोंडात बोट घालून घाण काढली, तोंडाला तोंड लावून वारा घातला, छातीशी धरून बसली. दिवस कलला, तिची जेवायची वेळ आली आणि गेली, पण ती उठली नाही. दिवेलागणीला तिनं मूल माझ्या कुशीत ठेवलं. "बघून घे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर गाव तुटून पडलं. गाठी मारून पोर आत आवळून मारलं, असं लहान पोरीसुद्धा पाणवठ्यावर बोलायला लागल्या. पाटलांना जुनं उट्टं काढायचंच होतं. बोर्डाकडं अर्ज करायचं ठरलं आणि आत्याबाई मला म्हणाल्या, "तुजं अक्षर चांगलं हाय. तूच लिव्ह."

मी बाळंतिणीच्या बाजेवर बसून तो अर्ज लिहिला. वळणदार अक्षरात, वडिलांनी घोटून घेतलेल्या. "सदर नर्सबाईंच्या हलगर्जीपणामुळे व दुराग्रहामुळे माझे मूल दगावले, तरी मेहेरबान साहेबांनी चौकशी करावी." दुराग्रह हा शब्द मला सुचला होता. पाटलांना तो इतका आवडला की त्यांनी मोठ्यांदा दोनदा वाचला. लिहिताना मला गाठ आठवत नव्हती का? आठवत होती. पण मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि ती रागासाठीच जन्माला आल्यासारखी बाई होती. माझं मूल तिच्या हातात गेलं, हेही खोटं नव्हतं. हात आणि दोरी यांत तिनं दोरी निवडली होती. मी त्या एका गोष्टीला धरून बसले.

चौकशीला बोर्डाचे डॉक्टर आले. चावडीत पुरुष बसले, आम्ही बायका भिंतीशी उभ्या. डॉक्टरांनी दोरी मागवली. आत्याबाईंनी ती चिमटीत धरून, विंचू धरावा तशी आणून दिली. डॉक्टर नर्सअक्काला म्हणाले, "बाई, तुम्ही मापं घेत होता, मग तुम्हाला आधी कसं कळलं नाही? दाखवा."

तिनं दोरी हातात घेतली. डोळ्यांनी नाही, बोटांनी वाचायला लागली. मोठी गाठ, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि अर्ध्या बोटावर तिनं शेवटी मारलेली. मग बोट पुढं सरकलं, वर्षानुवर्षं सरावलेलं, आणि मध्येच थांबलं. गाठ सुटली तरी सुताला मुरड राहते. ती मुरड तिच्या नखाखाली आली. तिनं ती दोनदा चाचपली. मग मान वर करून भिंतीकडं, सरळ माझ्याकडं पाहिलं.

आता ही बोलणार. ही जन्मात कुणाची भीड न ठेवणारी बाई, पाटलिणीला जुळं नाही म्हणून तोंडावर सांगणारी, आता सगळ्या गावादेखत बोलणार, की गाठ हिनं सोडली, पोर हिनं मारलं.

"सायेब," ती म्हणाली, "माप चुकलं. माझा हात चुकला."

तिनं दोरी गुंडाळून आपल्या पेटीत टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. फक्त चोर मी होते. मी गप्प राहिले. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

महिन्याभरात तिची बदली झाली. कुठं, तर वाईच्या पश्चिमेला, महाबळेश्वरच्या डोंगराखालच्या एका गावात. माझ्याच माहेरच्या मुलखात. गाडीत पेटी ठेवून ती गेली तेव्हा कुणी वेशीपर्यंत गेलं नाही. तिनं सोडवलेल्या बायका दारांआडून बघत होत्या, मीही त्यांच्यात होते. आणि तुम्हाला वाटेल की मला तेव्हा तिच्याबद्दल काही चांगलं वाटलं असेल. नाही वाटलं. उलट जास्तच राग आला. ती बोलली असती तर मी भांडले असते, नाकारलं असतं, निदान रडले असते. तिनं मला काहीच करायला ठेवलं नाही.

लढाई संपली, आमचे हे परत आले. दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. या वेळी ह्यांनीच ठरवलं की बाळंतपण वाईला करायचं. तोवर माझी मावशी वडिलांकडं येऊन राहिली होती. वाईत गेल्यावर आठ दिवस मी तग धरला. नवव्या दिवशी मावशीला घेऊन सर्व्हिस मोटारीनं डोंगराखालच्या त्या गावाला गेले. माझा तिच्यावरचा राग तसूभर कमी झाला नव्हता, पण पोटावर दुसऱ्या कुणाचा हात मला नको होता.

दोन खोल्यांचा दवाखाना, पावसानं शेवाळलेल्या भिंती. तिनं मला पाहिलं, ओळखलं, आणि तोंडावरची रेघ हलली नाही. तपासलं, दोरी कापली, कमरेभोवती फिरवली. मग दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

"गाठ तू मार. ह्या वल्या हवेत माझी बोटं वळत न्हाईत आता."

तिची बोटं सुजून हळकुंडांसारखी झाली होती. मी गाठ मारली. तिनं ती ओढून घट्ट बसल्याची खात्री केली. तेव्हापासून दर पंधरवड्याला मी जायची, ती माप घ्यायची, गाठ मी मारायची. मागचं ती बोलली नाही, मीही नाही. मावशी म्हणाली, कसली माणूसघाणी बाई गं ही! मी होकार भरला.

दिवस भरायच्या आधीच आम्ही तिथं जाऊन राहिलो. पाणमोट फुटली तेव्हा तिनं भांडं खाली धरलं आणि मला मान उचलून बघायला लावलं. तांब्याभर पाणी, तांदळाच्या धुवणासारखं फिकट. "हे असं असतंय," ती म्हणाली. मुलगी झाली. रडली, इतकी मोठ्यांदा रडली की मावशी हसायला लागली. मला हसू आलं नाही, मी त्या पाण्याकडंच बघत होते.

सव्वा महिना झाल्यावर मी मुलीला घेऊन पुन्हा गेले, आणि बरोबर एक कागद नेला. बोर्डाच्या नावे दुसरा अर्ज. त्यात सगळं लिहिलं होतं: गाठ कुणी उकलली, कधी, कशासाठी, पहिला अर्ज खोटा होता, नर्सबाईंची चूक नव्हती. खाली माझी सही. घरी हे कळलं असतं तर काय झालं असतं हे मला ठाऊक होतं, तरी लिहिला.

"वाच," ती म्हणाली. मी वाचला. ती बंबात लाकडं सारत ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं हात पुढं केला, कागद घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि बंबात घातला.

"अक्का!" मी ओरडलेच. "तुम्हाला चावडीतच कळलं होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग बोलला का नाहीत?"

"बोलून पोर परत येनार हुतं व्हय? हातानं सांगितलेलं मी ऐकलं न्हाई, दोरीचं ऐकलं. येवढी चूक माझीबी हायच." ती बंबाच्या तोंडाशी बसून राहिली. "आनी बये, त्या चावडीत दोघींतल्या येकीच्या डोक्यावर हे बसनार हुतं. माझ्या डोक्यावर बसलं तर काय, बदली. माझी बदली झाली. तुला आई न्हाई, दाल्ला लढाईत, घरात ती म्हातारी. तुझी बदली कुटं झाली असती?"

मुलगी रडायला लागली तशी तिला उचलून मी बाहेर पडवीत आले. पाचसहा बायका भिंतीला टेकून पावसात आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या. त्यांतली एक पोटुशी पोर, पहिलटकरीणच असावी, आतला आवाज ऐकून भेदरली होती. ती माझ्या जवळ सरकली.

"लय खाष्ट हाय न्हवं ही बाई?"

"हो, फार खाष्ट आहे," मी म्हटलं. "तू हिच्याकडंच ये."